पाणी तहान भागवतं, हँगओव्हर नाही

पिऊन आल्यावर झोपण्याआधी दोन ग्लास पाणी, जमलं तर इलेक्ट्रोलाइटची पुडी, वर एक बी-कॉम्प्लेक्स, म्हणजे सकाळी डोकं ठणकत नाही. हा सल्ला इतक्या जणांनी इतक्या खात्रीने दिलेला असतो की तो तपासून बघावा असं कुणाच्या मनातही येत नाही. त्यामागचा तर्क असा: दारूने शरीरातलं पाणी कमी होतं, पाणी कमी झाल्यामुळे हँगओव्हर होतो, म्हणून पाणी भरून काढलं की हँगओव्हर टळतो. यातलं पहिलं वाक्य बरोबर आहे. दुसऱ्यात गडबड आहे, आणि तिसरं दुसऱ्याच्याच जिवावर उभं आहे.

आधी पहिलं वाक्य. आपल्या मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी व्हॅसोप्रेसिन नावाचं संप्रेरक रक्तात सोडते. ते पोचलं की मूत्रपिंडं गाळलेल्या पाण्यातलं बरंचसं पाणी परत शरीरात ओढून घेतात. अल्कोहोल हे संप्रेरक दाबतं. मग ओढून घेण्याचा हुकूमच येत नाही आणि पाणी सरळ मूत्राशयाकडे जातं. दुसऱ्या पेगनंतर बाथरूमच्या फेऱ्या सुरू होतात त्या यामुळे.

किती पाणी जातं याचा ढोबळ हिशोब करता येतो. १० ग्रॅम अल्कोहोलमागे साधारण १०० मिलिलिटर जादा लघवी होते. ४० टक्के तीव्रतेच्या दारूचा ६० मिलिलिटरचा पेग घेतला, तर त्यात २४ मिलिलिटर अल्कोहोल असतं. अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं असल्यामुळे त्याचं वजन भरतं १९ ग्रॅमच्या आसपास. असे चार पेग म्हणजे ७६ ग्रॅम, म्हणजे पाऊण लिटर जादा लघवी. (बिअरवाल्यांसाठी: ५ टक्क्यांच्या ३३० मिलिलिटरच्या बाटलीत सुमारे १३ ग्रॅम. चार बाटल्या म्हणजे अर्ध्या लिटरच्या आसपास जादा लघवी.) शिवाय हा परिणाम मुख्यतः रक्तातलं अल्कोहोल चढत असताना होतो. ते उतरायला लागलं की शरीर पुन्हा पाणी धरून ठेवायला लागतं.

पाऊण लिटरची तूट म्हणजे अगदीच काही नाही असं नव्हे. तोंडाला कोरड पडते, तहान लागते, पटकन उठून उभं राहिलं तर गरगरल्यासारखं होतं. पण उन्हात दोन तास मेहनत केलेल्या माणसाच्या अंगातून घामावाटे याहून जास्त पाणी जाऊ शकतं. त्याला तहान लागते, थकवा येतो, डोकंही दुखेल. जेवणाच्या वासाने ढवळून येणं, कुणी भांडं आपटलं तरी दचकणं, उगाच धास्ती वाटत राहणं, दुपारपर्यंत साधी बेरीज न जमणं, असलं काही त्याला होत नाही. आणि तो लिटरभर पाणी प्यायला की थोड्या वेळात ताळ्यावर येतो. हँगओव्हरवाला माणूस सकाळपासून तांब्यावर तांबे रिचवतो, त्याची तहान जाते, बाकी सगळं तिथल्या तिथेच.

संशोधनातही हेच दिसतं. हँगओव्हर झालेल्यांच्या रक्तातले क्षार आणि पाण्याचं नियंत्रण करणारी संप्रेरकं मोजली गेली आहेत. त्या आकड्यांचा आणि हँगओव्हर किती तीव्र आहे याचा म्हणावा तसा मेळ लागत नाही. नेदरलँड्समधल्या उट्रेख्ट विद्यापीठातले योरिस फर्स्टर बरीच वर्षं या एकाच विषयाच्या मागे आहेत. त्यांच्या गटाने २०२४ मध्ये पाण्याच्या प्रश्नाचा पुन्हा आढावा घेतला. निष्कर्ष असा की पाण्याची कमतरता आणि हँगओव्हर हे एकाच रात्रीचे दोन वेगवेगळे परिणाम आहेत. ते एकत्र येतात म्हणून एक दुसऱ्याचं कारण वाटतं, एवढंच.

मग पुडीचं काय? दारूमुळे जादा जातं ते मुख्यतः पाणी. त्यासोबत सोडियम-पोटॅशियम फारसं वाहून जात नाही, म्हणजे पुडीने जे भरून काढायचं ते मुळात रिकामंच झालेलं नसतं. ओआरएस बनलं आहे जुलाबासाठी. त्यात मीठ आणि ग्लुकोज ठराविक प्रमाणात असतं (जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ पासूनच्या सूत्रात लिटरमागे १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ), कारण आतड्याच्या अस्तरातून ही दोघं जोडीने आत शिरतात आणि त्यांच्यामागोमाग पाणी ओढलं जातं. रात्री उलट्या झाल्या असतील तर क्षार खरोखर गेलेले असतात, अशा वेळी ओआरएस घोट घोट घेणं शहाणपणाचं. उलट्या झाल्या नसतील तर साधं पाणी पुरतं. खेळाडूंसाठीची रंगीत पेयं बहुतेक वेळा साखरेचं पाणीच असतात. आणि हल्ली काही ठिकाणी हँगओव्हरसाठी सलाइन लावून मिळतं, त्याबद्दल माझं मत सरळ आहे: ज्याला तोंडाने पाणी पिता येतंय त्याने शिरेत सुई टोचून घ्यायचं काहीच कारण नाही. पोटात जाणारं पाणीच शिरेतून जातं, आणि जंतुसंसर्गाची शक्यता वर फुकट.

'पाण्याने दारू पातळ होते' हेही ऐकायला मिळतं. ग्लासात होते, रक्तात नाही. सत्तर किलोच्या पुरुषाच्या शरीरात मुळात ४० लिटरच्या आसपास पाणी असतं आणि अल्कोहोल त्या सगळ्यात पसरलेलं असतं. त्यात अर्धा लिटर वाढवून काय फरक पडणार? पाण्याचा खरा फायदा वेगळाच आहे. दोन पेगच्या मध्ये ग्लासभर पाणी घेतलं की तेवढा वेळ हातात दारू नसते. एकूण कमी प्यायली जाते, हळू प्यायली जाते. झोपताना घाईघाईने ढोसलेल्या लिटरभर पाण्याला हा गुण नाही. त्याने फक्त पहाटे एकदा उठावं लागतं.

मग सकाळी होतं ते नक्की काय?

हँगओव्हरची सगळ्यात विचित्र गोष्ट म्हणजे त्याची वेळ. रक्तात अल्कोहोल सगळ्यात जास्त असतं तेव्हा माणूस मजेत असतो. ते जवळजवळ शून्यावर येतं तेव्हा हाल सुरू होतात.

यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम अल्कोहोल निकाली काढतं. हा वेग ठरलेला आहे. खिडकीसमोर रांग वाढली म्हणून आतला कारकून भराभर शिक्के मारायला लागत नाही, तसलाच प्रकार. वरचे ७६ ग्रॅम घ्या. तासाला ८ ग्रॅम धरले तर साडेनऊ तास लागतात. रात्री आठला पहिला घोट घेतला असेल तर हिशोब पहाटे साडेपाचला मिटतो. म्हणजे सातच्या गजराला डोळे उघडतात तेव्हा दारू उतरलेली असते आणि हँगओव्हर ऐन भरात असतो. कॉफी, थंड पाण्याची आंघोळ, घाम गाळणं, यातल्या कशानेही तो वेग वाढत नाही.

यकृत हे काम दोन पायऱ्यांत करतं. पहिल्या पायरीला अल्कोहोलचं अ‍ॅसिटाल्डिहाइड होतं, आणि ते चांगलंच विषारी आहे. दुसऱ्या पायरीला त्याचं निरुपद्रवी अ‍ॅसिटेट होतं. पूर्व आशियातल्या बऱ्याच लोकांमध्ये दुसऱ्या पायरीचं एन्झाइम जन्मतःच कमजोर असतं. एका पेगमध्येच त्यांचा चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, मळमळतं. दारू सोडवण्यासाठी दिलं जाणारं डायसल्फिराम हे औषध मुद्दाम हीच पायरी अडवतं. त्यामुळे बाजारातल्या निम्म्या गोळ्या 'अ‍ॅसिटाल्डिहाइड बाहेर काढा' असं म्हणत विकल्या जातात. पण ज्यांचं एन्झाइम ठीक आहे त्यांच्या रक्तात सकाळपर्यंत हे रसायन जेमतेमच उरतं. जे शिल्लकच नाही ते गोळी काढणार कुठून?

सध्या जास्त वजन आहे ते दाहाच्या (इन्फ्लमेशनच्या) कारणाला. पिण्याच्या रात्रीनंतर रक्तात सायटोकाइन नावाचे रेणू वाढलेले आढळतात. शरीर जंतूंशी लढतं तेव्हाही हेच रेणू वाढतात. फ्लूमधला अंगाचा ठणका, अन्नावरची वासना उडणं, सुन्न डोकं, कशातच मन न लागणं हे आठवून बघा. हँगओव्हर त्याच घराण्यातला आहे.

त्यात झोपेची भर पडते. दारूने झोप लवकर लागते, पण पहिल्या अर्ध्या रात्रीतली स्वप्नांची झोप कापली जाते आणि उरलेली रात्र तुटक जाते. आठ तास पडून राहिलं तरी झोप आठ तासांची होत नाही. मेंदूचंही एक वेगळं प्रकरण आहे. दारू त्याला शांत करणाऱ्या रसायनांची बाजू घेते, म्हणून मेंदू तोल सांभाळायला उत्तेजित करणारी बाजू वाढवून ठेवतो. दारू ओसरते, वाढवलेली बाजू तशीच राहते. सकाळची थरथर, उजेड-आवाज सहन न होणं, कारण नसताना वाटणारी भीती ही तिथून येते. जठराच्या अस्तराची जळजळ वेगळीच.

दारूच्या रंगानेही थोडा फरक पडतो. लाकडी पिंपात मुरलेल्या गडद दारूत आंबवण्यातून आणि मुरण्यातून आलेली इतर रसायनं जास्त असतात. बर्बन या अमेरिकी व्हिस्कीत ती व्होडकाच्या ३७ पट. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात ९५ जणांपैकी काहींना बर्बन आणि काहींना व्होडका देऊन पाहिली, तेव्हा बर्बनची सकाळ जास्त वाईट गेली. पण लक्ष आणि चपळाईच्या चाचण्यांत दोन्ही दारवांनंतर सारखीच घसरण होती. 'आधी बिअर मग वाइन' की उलट, या पिढीजात वादाचाही २०१९ मध्ये जर्मनीत ९० स्वयंसेवकांवर रीतसर निकाल लागला: क्रमाने काहीच फरक पडत नाही. कुणाची सकाळ वाईट जाणार हे सांगू शकल्या फक्त दोन गोष्टी. रात्री स्वतःला किती चढलीय असं वाटत होतं, आणि उलटी झाली का.

गोळ्यांचं गणित

एवढी पाच-सहा कारणं एकाच वेळी चालू असताना एक गोळी सगळ्यांना पुरी पडेल हे मुळातच अवघड. तरी एकेक बघू.

बी गटातली जीवनसत्त्वं. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्यांमध्ये थायमिनची, म्हणजे बी-१ ची, गंभीर कमतरता होते. त्यातून मेंदूला कायमची इजा होऊ शकते, म्हणून डॉक्टर त्यांना थायमिनची इंजेक्शनं देतात. हे पक्कं वैद्यकशास्त्र आहे. तिथून कुणीतरी उडी मारली की दारूने बी-जीवनसत्त्वं कमी होतात, तर पार्टीच्या रात्रीही घ्यावीत. धडधाकट, नीट जेवणाऱ्या माणसाचा साठा एका रात्रीत संपत नाही. गोळी घेतल्यावर लघवी हळदीसारखी पिवळीधमक होते तेव्हा काहींना 'डिटॉक्स होतंय' असं वाटतं. ते रायबोफ्लेविन असतं, बी-२. शरीराला नको होतं म्हणून निघून चाललेलं.

एन-अ‍ॅसिटिल सिस्टिन, म्हणजे नॅक. पॅरासिटामॉलच्या अतिसेवनावर हा रामबाण उपाय आहे, कारण तो यकृतातला ग्लुटाथायोन या विष निष्प्रभ करणाऱ्या द्रव्याचा साठा भरून काढतो. त्याच्या या लौकिकावर हँगओव्हरची गोळी खपते. २०२१ च्या एका चाचणीत बिअर पिणाऱ्यांना एकदा नॅक आणि एकदा नुसती दिखाऊ, औषध नसलेली गोळी देऊन बघितलं. एकूण हँगओव्हरमध्ये फरक दिसला नाही.

डायहायड्रोमायरिसेटिन, ऊर्फ डीएचएम. हे एका आशियाई झाडापासून मिळतं. त्याचा सगळा गवगवा २०१२ च्या एका अभ्यासावर उभा आहे, आणि तो उंदरांवर झाला होता. माणसाच्या आतड्यातून हे द्रव्य फारच थोडं शोषलं जातं.

कोळशाची गोळी अनेक विषं धरून ठेवते, पण अल्कोहोल तिला जवळजवळ चिकटतच नाही. आर्टिचोकचा अर्क २००३ मध्ये रीतसर तपासला गेला, उपयोग शून्य. फड्या निवडुंगाच्या एका प्रजातीचा अर्क मात्र २००४ मध्ये ६४ जणांवर तपासला, तेव्हा मळमळ, तोंडाची कोरड आणि अन्नावरची वासना जाणं हे त्रास कमी झालेले दिसले. तो पिण्याच्या पाच तास आधी घ्यायचा होता. डोकेदुखीवर त्याचा उपयोग नव्हता.

हे सगळं एका चाळणीतून घालणारा आढावा २०२२ मध्ये 'अ‍ॅडिक्शन' या नियतकालिकात आला. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या संशोधकांनी दिखाऊ गोळीशी तुलना केलेल्या २१ चाचण्या गोळा केल्या. त्यांत मिळून ३८६ माणसं, आणि उपाय २३. म्हणजे एका उपायामागे सरासरी सतरा माणसंही नाहीत. आठ चाचण्यांत फक्त पुरुष होते. एकच उपाय दोन वेगवेगळ्या गटांनी तपासलाय असं एकदाही घडलेलं नव्हतं. लवंगेचा अर्क, टॉल्फेनॅमिक अ‍ॅसिड हे वेदनाशामक आणि बी-६ चा भाऊबंद असलेलं पायरिटिनॉल या तिघांबद्दल 'पुढे अभ्यास करण्यासारखं' एवढं म्हटलंय. पुरावा सगळ्यांचाच अतिशय कमी दर्जाचा. यावरून कुणी लवंगा चावायला लागू नये. चाचणी अर्काची होती.

तरीही 'मला फरक पडतो' म्हणणारी माणसं खोटं बोलत नसतात. जो आठवणीने गोळी घेऊन निघतो तो त्या रात्री जेवून पितो, मधे पाणी घेतो, दोन पेग आधी थांबतो. श्रेय गोळीला जातं. शिवाय हँगओव्हर आपोआप जातोच. दुपारी काहीही घेतलं तरी संध्याकाळी बरं वाटणार आहे.

पाकीट हातात घ्याल तेव्हा समोरची बाजू सोडून मागची वाचा. पुढे 'लिव्हर सपोर्ट', 'मॉर्निंग रिकव्हरी' असं काहीतरी असतं. या शब्दांना वैद्यकीय अर्थ नाही आणि तो नसावा म्हणूनच ते निवडलेले असतात. मागे 'प्रोप्रायटरी ब्लेंड' दिसलं की समजायचं, एकूण मिश्रणाचं वजन सांगितलंय, प्रत्येक घटक किती ते नाही. दहा नावांपैकी नऊ चिमूटभर असली तरी कळायला मार्ग नाही. ही उत्पादनं औषध म्हणून नव्हे तर आहारपूरक म्हणून विकली जातात, म्हणून बऱ्याच देशांत गुण सिद्ध न करताही ती दुकानात येऊ शकतात. २०१९ मध्ये फ्रँकफर्टच्या उच्च न्यायालयाने हँगओव्हर हा आजारच आहे, म्हणून अन्नपदार्थ तो बरा करतो असा दावा करू शकत नाही, असा निकाल दिला. २०२० च्या जुलैमध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अशाच दाव्यांवरून सात कंपन्यांना ताकीदपत्रं धाडली. त्यानंतर पाकिटांवरचे दावे जास्तच धूसर झाले आहेत.

वेदनाशामकांबाबत मात्र खरोखर जपायला हवं. पॅरासिटामॉलचा काही भाग यकृतात विषारी रूपात बदलतो. नेहमी पिणाऱ्यांमध्ये हे रूप जास्त बनतं आणि ते निष्प्रभ करणारं ग्लुटाथायोन कमी असतं. 'झोपताना एक टाकून ठेवू' ही सवय म्हणूनच वाईट. आयबुप्रोफेन आणि अ‍ॅस्पिरिन आधीच चिडलेल्या जठराला आणखी टोचतात, रक्तस्राव होऊ शकतो. सकाळी, काही खाऊन, पाकिटावरच्या मात्रेत एखादी गोळी घेणं वेगळं. अल्सर, यकृताचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर तीही डॉक्टरांना विचारून.

जेवून पिण्याचा फायदा खरा आहे. अल्कोहोल मुख्यतः लहान आतड्यातून शोषलं जातं. जठर भरलेलं असलं की ते पुढे हळूहळू सोडलं जातं आणि रक्तातलं शिखर खाली राहतं. मध्यरात्री घरी येऊन खाण्याला हा गुण नाही, तोवर बहुतेक माल आत गेलेला असतो.

सकाळच्या 'उताऱ्या'ने, म्हणजे पुन्हा थोडी दारू घेतल्याने, बरं वाटतं हेही खोटं नाही. मेंदूची चिडचिड पुन्हा दाबली जाते. शिवाय दारूत मिथेनॉल हे विषारी अल्कोहोल अत्यल्प प्रमाणात असतं. त्याच्यापासून शरीरात फॉर्मिक अ‍ॅसिड बनतं, आणि नवं अल्कोहोल ते बनणं लांबवतं. पण हिशोब फक्त पुढे ढकलला जातो, आणि रोज सकाळी हात थरथरणं थांबवायला उतारा लागत असेल तर तो हँगओव्हर उरलेला नसतो. ते व्यसन सुटण्याच्या वेळची लक्षणं असतात. तिथे एकदम दारू बंद केल्याने झटके येऊ शकतात, म्हणून ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडावी.

रक्तातलं अल्कोहोल शून्यावर आल्यानंतरही गाडी चालवणं धोक्याचं असतं. सिम्युलेटरवरच्या चाचणीत हँगओव्हर असलेल्यांची गाडी लेनमध्ये जास्त डोलत होती. पाणी, गोळी, कॉफी घेऊन ताजंतवानं वाटलं म्हणून हात स्थिर झाले असं नाही.

दोन परिस्थितींत मात्र यातलं काहीच करत बसायचं नाही. पिऊन झोपलेला माणूस हलवूनही उठत नसेल, श्वास मिनिटाला आठपेक्षा कमी असेल किंवा दोन श्वासांमध्ये दहा सेकंदांहून जास्त खंड पडत असेल, अंग थंड आणि निळसर वाटत असेल, तर त्याला कुशीवर वळवून रुग्णवाहिका बोलवा. तोंडात पाणी घालू नका, ते फुप्फुसात जाईल. दुसरी परिस्थिती फसवी असते. विश्वास नसलेल्या ठिकाणची दारू प्यायल्यावर बारा ते चोवीस तासांनी डोकं, पोट दुखायला लागतं, मळमळतं, आणि सगळे म्हणतात उतरेल. सोबत दिसायला अंधुक झालं, डोळ्यांसमोर पांढरं धुकं आलं, श्वास जोरजोरात चालू झाला, तर ती मिथेनॉलची विषबाधा असू शकते. रुग्णालयात त्यावर फोमेपिझोल हे औषध किंवा शुद्ध इथेनॉल (पिण्याच्या दारूतलं अल्कोहोल) देतात, गरज पडली तर डायलिसिस करतात. वेळेत पोचलं तर दृष्टी आणि जीव दोन्ही वाचू शकतात. सोबत प्यायलेल्या बाकीच्यांनाही घेऊन जा, त्यांना अजून काही होत नसलं तरी.